अनोळखी कार्ड

खोकं उंबऱ्यावर टेकवता टेकवता मथुराने विचारलं, "जमतला मा तुका?" खोकं उचलण्याबद्दल विचारते आहे असं सिद्धेशला आधी वाटलं, म्हणून तो वाकला, आणि वाकलेल्या अवस्थेतच त्याच्या लक्षात आलं की ती खोक्याबद्दल बोलत नाही, आतल्या कामाबद्दल बोलते आहे. कंबरेत नव्हे, तिच्या जरा वर कुठेतरी उसण भरावी तसं त्याला झालं. एकतीस वर्षं मुंबईतल्या एका बँकेच्या सर्व्हरच्या खोलीत त्याने काढली होती. 'कधी होईल' असं त्याला लोकांनी विचारलं होतं, 'लवकर करा' म्हणून हात जोडले होते, पण 'जमेल ना' असं विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि आता हे विचारणारी कोण, तर सख्खी धाकटी बहीण, जिला टीव्हीचा रिमोट हातात धरला की चष्मा लागतो. "ह्यांचो कार्यक्रम आसा ह्येच्यात," ती सांगत होती. "एकच कॅसेट रवली. बाकीची सगळी बुरशेन खाल्ल्यान. बुधवारी वर्षश्राद्ध. त्याच्या आधी माका वायच ऐकूक होया." सिद्धेश सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "बघतो. ठेवून जा." मालवणी त्याने जिभेवरून कधीच खरवडून टाकली होती. मालवणला परत येऊन तीन वर्षं झाली, धुरीवाड्यात ब्लॉक घेतला, रोज त्याच बाजारात बांगडे घेतो, पण बोलतो ऑफिसात बोलावं तसं. मासे विकणाऱ्या बायकाही त्याच्याशी बोलताना शुद्ध बोलायला जातात आणि अडखळतात, आणि ते अडखळणं त्याला बरं वाटतं.

मथुरा गेल्यावर त्याने खोकं टेबलावर उपडं केलं. एक व्हीसीआर, वर मीठ आणि धूळ यांची खरखरीत साय. एक कॅसेट. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं टीव्ही कार्ड, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, म्हणजे अँटेनाची वायर थेट कॉम्प्युटरला जोडता येते. एक खिशातली डायरी, तिला माशांचा वास. हा सर्वेशचा, मथुराच्या नवऱ्याचा, संसार. माणूस पन्नाशीत छातीत कळ येऊन गेला आणि मागे काय ठेवलं, तर हे. मेलेल्या माणसाबद्दल असं मनात आणू नये हे सिद्धेशला कळत होतं. पण तो जिवंत असतानाही सिद्धेशने वेगळं काही मनात आणलं नव्हतं, आणि केवळ मरण्यासारख्या कुणालाही जमणाऱ्या गोष्टीमुळे एखाद्याची किंमत वाढते असं त्याला वाटत नव्हतं. केबलवाला. माडावरून माडावर काळ्या वायरी टाकत हिंडणारा, खांद्याला शिडी, तोंडात पान. वादळात वायर तुटली की अर्धी मेढा आळी त्याच्या नावाने बोटं मोडायची. पुढे त्याने स्वतःचा लोकल चॅनल काढला, म्हणजे एका खोलीत निळा पडदा लावला, प्लास्टिकची दोन फुलं ठेवली आणि दर रविवारी 'आयतवारच्यो गजाली' नावाचा कार्यक्रम सुरू केला. भरतीच्या वेळा, सुरमईचा भाव, कुणाची बोट कुठे लागली, आणि शेवटी कुणीतरी पाहुणा. अशा माणसाशी मथुराने लग्न करायचं ठरवलं तेव्हा सिद्धेश मुंबईहून आलाच नव्हता. आलो नाही, म्हणजे विरोध केला नाही, असं तो पुढे म्हणत असे.

कॅसेटवर बॉलपेनने तारीख होती. जून दोन हजार एक. ती तारीख वाचून सिद्धेशला पहिल्यांदा या कामात रस वाटला. त्या रविवारचा पाहुणा तो स्वतः होता. तीस वर्षांचा, सुट्टीवर आलेला, इस्त्रीचा शर्ट. 'कॉम्प्युटरतज्ज्ञ, मुंबई' अशी खाली पाटी. ही हकिकत त्याने नंतर कितीदा सांगितली असेल: बँकेच्या कँटीनमध्ये, बायकोच्या माहेरी, दोन पेग झाल्यावर गच्चीवर. गावचा केबलवाला मला प्रश्न विचारायला बसला, आणि मी त्याला असा काही घेतला म्हणता, की त्याला घाम फुटला, गावात आठवडाभर तोच विषय. सांगताना तो सर्वेशची नक्कल करायचा, मान डोलवून, तोंड अर्धवट उघडं ठेवून. लोक हसायचे. एकदा बायको म्हणाली होती, तुम्ही ही गोष्ट फार सांगता हो. त्यानंतर तिच्यासमोर सांगणं त्याने बंद केलं. आता बायको ठाण्याला मुलाकडे असते, तिला इथली दमट हवा सोसत नाही असं ठरलेलं आहे.

दुपारी तो ते कार्ड घेऊन भरडावर गेला, कौस्तुभच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, दोन वायरी आणायला. कौस्तुभने कार्ड हातात धरून असं पाहिलं की जणू ते किल्ल्यात खणताना सापडलं. "काका, ह्या खंय गावला तुमका? ह्येका आता ड्रायव्हर मिळणत नाय. कॅसेट कोल्हापुरास पाठवा, ते पेनड्राइव्हार घालून देतत. नायतर ह्या यूएसबीचा घेवा, लावला की चालता." चालतं. या लोकांच्या सगळ्या विद्येचा शेवट 'चालतं' या शब्दापाशी होतो. कसं चालतं, का चालतं, बंद पडलं तर कुठे हात घालायचा, याचा विचार करायला लागणारा मेंदूतला भाग या मुलुखात आता स्कूबा डायव्हिंगच्या पाटीखाली पर्यटकांना भाड्याने दिलेला आहे. "ड्रायव्हर शोधायचा नसतो," सिद्धेश म्हणाला. "लिनक्सच्या कर्नेलमध्ये तो वीस-पंचवीस वर्षं बसलेलाच आहे. त्याला फक्त समोर कोणतं कार्ड आहे ते सांगायचं असतं." कौस्तुभने मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलला काच चिकटवायला घेतली.

घरी त्याच्याकडे एक जुना डेस्कटॉप होता, अशी कार्डं बसतील एवढा म्हातारा. त्यावर त्याने विंडोजऐवजी नवं लिनक्स चढवलं, झाकण काढून कार्ड खाचेत दाबलं, आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करताना त्याच्या बोटांना कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. अक्षरं भराभर वर सरकली. ड्रायव्हरने, म्हणजे कार्डाला कामाला लावणाऱ्या प्रोग्रामने, चिप ओळखली. मग एक ओळ आली: कार्ड अनोळखी. त्यात आश्चर्य नव्हतं. चांगल्या कंपन्यांची कार्डं आपलं नाव स्वतःच्या पोटात लिहून आणतात. हे कुठल्यातरी बिननावाच्या कारखान्यातलं, स्वस्तातलं, सर्वेशला शोभेल असं. अशा वेळी ड्रायव्हरला कार्डाचा क्रमांक आपण द्यायचा असतो. यादीत दीडशेहून अधिक कार्डं. शिवाय ट्यूनरचा, म्हणजे चॅनल पकडणाऱ्या डबीचा, क्रमांक वेगळा. व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या-पांढऱ्या खोबण्या खाऱ्या हवेने हिरव्या पडून निकामी झाल्या होत्या, त्यामुळे अँटेनाच्या वायरीतूनच सगळं आणावं लागणार होतं, आणि त्यासाठी ट्यूनर बरोबर हवा. डबीवरचा घासलेला शिक्का भिंगातून वाचून त्याने तो क्रमांक काढला. ड्रायव्हर उतरवला, नव्या आकड्याने पुन्हा चढवला. पडद्यावर मुंग्या. पांढऱ्या-काळ्या, खवळलेल्या मुंग्या, आणि त्याला आठवली ती बँकेतली शेवटची मीटिंग.

आकांक्षा नावाची मुलगी, वय एकोणतीस, त्याच्या खात्याची नवी प्रमुख. टेबलावर फक्त एक पाण्याची बाटली घेऊन बसलेली. सगळं आता दुसऱ्यांच्या मशीनवर, 'क्लाउड'च्या ढगात जाणार होतं, खोली रिकामी होणार होती. तिने अगदी सभ्यपणे विचारलं होतं, "सर, रोजच्या दिवसात तुम्ही नेमकं काय करता, ते मला समजून घ्यायचं आहे." त्याने उत्तर दिलं होतं. चांगलं पंधरा मिनिटं, तिला कळू नये असं. ती मध्येच लिहायची थांबली. तिने पेनचं टोपण लावलं तो आवाज त्याला अजून आठवतो. दोन महिन्यांनी त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' हा शब्द ज्याने शोधला त्याला विनोदाची जाण होती. परत येताना खारेपाटणचा पूल ओलांडला आणि गाडीतल्या कुणीतरी 'इलो रे आपलो जिल्हो' म्हटलं, तेव्हा त्याने खिडकीची काच वर केली होती. आपण का परत येतो आहोत हे इथल्या एकाही माणसाला कळणार नाही, कळण्याची त्यांची कुवत नाही, या विचाराने त्याला बरं वाटलं होतं, गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर कागद न तपासता ट्रक सुटावा तसं.

कॅसेट त्याने आधी हाताने फिरवून साफ केली. फितीच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके होते. स्पिरिटात बुडवलेल्या कापडावर तपकिरी पूड उतरली, आणि त्याच्या लक्षात आलं की ही फीत फार तर तीनचार वेळा व्हीसीआरमधून जाईल. दर खेपेला थोडी थोडी झडणार. शुक्रवारी सकाळी त्याने ती लावली. मुंग्या थरथरल्या, बाजूला झाल्या, आणि निळा पडदा दिसला. प्लास्टिकची फुलं. डावीकडे सर्वेश, केस तेल लावून बसवलेले, अंगात सैल सफारी. उजवीकडे तो. सिद्धेशने स्वतःला चोवीस वर्षांनी पाहिलं आणि त्याच्या छातीत उबदार काहीतरी पसरलं. काय ताठ बसलाय. हात कसे हलवतोय. आवाज मात्र काहीच नव्हता. पण आवाज हवाच कशाला, सगळं डोळ्यांनी दिसत होतं. सर्वेश मान डोलावतोय, तोंड अर्धवट उघडं, अगदी नकलेत होतं तसं. मध्ये तो तरुण सिद्धेश हसतो आणि सर्वेश खाली हातातल्या कागदाकडे पाहतो. घाम पण पुसतो. घाम पुसलेला स्पष्ट दिसतो. चोवीस वर्षं सांगितलेली गोष्ट खरी निघाल्याचं समाधान माणसाला आयुष्यात फार वेळा मिळत नाही. त्याने अर्ध्यातच फीत थांबवली आणि मथुराला फोन केला. "आलं," तो म्हणाला. "चित्र अगदी स्वच्छ आलंय."

"आणि आवाज?"

"आवाजाचं जरा वेगळं असतं. पण चित्र बघ ना, एकदम सुंदर..."

"चित्र नको माका, दादा," मथुरा म्हणाली. "फोटो आसत घरात. माका ऐकूक होया म्हणान सांगललंय मा तुका." आणि मग अगदी हळू, समजूत घालावी तशा सुरात, "नाय जमत तर ऱ्हवांदे."

ते 'ऱ्हवांदे' त्याला दिवसभर खुपत राहिलं. चित्र कुठल्याही आकड्यावर येतं, पण आवाजाची वाट दर कार्डात वेगळी असते. कार्ड कोणतं ते नेमकं सांगितलं नाही तर ड्रायव्हर भलताच दरवाजा उघडतो आणि पलीकडे कुणी नसतं. हे तो मथुराला समजावू शकला असता. त्याऐवजी तो यादी घेऊन बसला. एक, दोन, तीन असं ओळीने जाणं त्याला कमीपणाचं वाटलं. ते हमालाचं काम, कौस्तुभ करील. त्याने तर्क केला. चिपचा नंबर, कार्डावरच्या तांब्याच्या रेघांची रचना, कोणत्या सालात कोणते कारखाने कुणाची नक्कल करत होते. वहीत रकाने आखून त्याने सात संभाव्य कार्डं काढली. सातही मुकी निघाली. एका आकड्यावर मशीन जागच्या जागी गोठलं, एकावर नुसता गुंजारव, मधाच्या पोळ्याला काठी लावावी तसा. शनिवारी त्याने आणखी नऊ काढली. बाहेर रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या दांडीच्या किनाऱ्याकडे चालल्या होत्या, एका गाडीतून कुणीतरी टपातून डोकं काढून स्वतःचंच चित्रण करत होता, आणि सिद्धेशला वाटलं, हे लोक, हा आवाज, हे सगळं इतकं फुकट उपलब्ध आहे, आणि माझ्यासमोर एक मेलेला केबलवाला तोंड हलवतो आहे, आणि ते तोंड मला उघडता येत नाही. चाचणीपुरते दर वेळी तो फितीच्या सुरुवातीचे काही सेकंदच लावत होता, तरी कापसावर पूड येतच होती.

रविवारी दुपारी जेवून उठल्यावर त्याने ती डायरी उघडली. शोधायला नव्हे, टेबलावरून बाजूला करताना ती हातात आली आणि वासाने त्याने नाक फिरवलं, एवढंच. भरतीच्या वेळा. 'धोंडू दांडी, बॉक्स बदलणे'. 'मथुराक चष्मो'. मग एका पानावर, सर्वेशच्या वळण नसलेल्या अक्षरात, आकड्यांची उतरंड: १, २, ३, ४, प्रत्येकापुढे फुली. पान उलटलं. २५, २६. एकापुढे 'मशीन मेला', एकापुढे 'गुणगुणता'. मधूनमधून तारखा, तीन आठवड्यांच्या, दोन हजार चार सालच्या. त्या काळी इथे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या वायरीतून किरकिर करत येणारी गोष्ट, अर्धा तास थांबलं तर एक पान उघडायचं. इंग्रजीत काहीतरी उतरवून घेतलेलं, स्पेलिंग चुकत, आणि खाली मालवणीत त्याचा अर्थ. सिद्धेश उभ्यानेच पानं उलटत राहिला. ६८ फुली. ६९ फुली. ७०, आणि पुढे: 'आवाज इलो.' त्याखाली संपूर्ण ओळ, ड्रायव्हरला द्यायची, एकही चूक नसलेली. कार्ड सत्तर, ट्यूनर पाच. या माणसाने लिनक्स चालवलं होतं. मालवणात, पान खात, शिडी खांद्यावर घेऊन. त्याला विचारायला घरातच एक तज्ज्ञ होता, मुंबईला, बायकोचा सख्खा भाऊ. आणि त्याने विचारलं नव्हतं. त्याने एकापासून सत्तरपर्यंत मोजलं होतं. सिद्धेशला आधी राग आला, कुणीतरी आपल्या खुर्चीत बसून गेल्यासारखा. योगायोग, तो मनाशी म्हणाला. अंधारात मारलेला दगड लागला, एवढंच. पण एकोणसत्तर फुल्यांना योगायोग म्हणत नाहीत, हे त्याला कळत होतं, आणि कळतंय हेही कळत होतं.

त्याने ती ओळ जशीच्या तशी टाइप केली. कार्डाच्या मागून एक छोटी वायर साउंडच्या खोबणीत घातली, मिक्सरमध्ये आवाजाचा दांडा वर ओढला, फीत मागे नेली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि खुर्चीत बसला. खरखर. मग खोलीत सर्वेश बोलला. "मंडळी नमस्कार. आज आपल्यात आसत आपल्या मालवणचेच..." आवाज भरदार होता. नकलेतला नव्हता. नकलेतल्या सर्वेशला सिद्धेशने इतकी वर्षं नाकात बोलायला लावलं होतं. आणि मग दुसरा एक आवाज आला, उंच, घाईचा, प्रत्येक वाक्यात दोन इंग्रजी शब्द, आणि तो आवाज कोणाचा हे ओळखायला त्याला क्षणभर लागला. तो आवाज म्हणत होता की हे फार टेक्निकल आहे, तुमच्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाईल. सर्वेशने विचारलं, "माका एक सांगा, फुडे कधीतरी हरएक माणूस आपल्या आपल्या घरातसून आपलो चॅनल चालवीत, असा होयत काय?" आणि त्या उंच आवाजाने हसून सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या अशक्य, आणि का अशक्य ते पाच मिनिटं सांगितलं. खाली रस्त्यावर कुणीतरी मोबाइलपुढे नाचत असेल, त्याच्या गाण्याचा ठेका खिडकीतून येत होता. मग कार्यक्रमात एक फोन. दांडीचा एक मच्छीमार, आवाज लांबून, "कॉम्प्युटराक वाऱ्याचा कळता काय हो?" आणि उत्तर, "अहो, तो कॉम्प्युटर आहे, ज्योतिषी नाही," आणि पुन्हा ते हसणं. सिद्धेशने स्वतःला हसताना पाहिलं. या हसण्यालाच लोक हसले असं तो सांगत आला होता. इथे कुणी हसत नव्हतं. सर्वेश कागदाकडे पाहत होता, मग म्हणाला, "पाव्हण्यांचा बरोबर. पण प्रश्न बरो होतो. आज ना उद्या कळतला, वाट बघूया." आणि घाम पुसला. दिव्याच्या उकाड्याने घाम आला होता. तरुण सिद्धेशच्या कपाळावरही तो होता, पण त्याने पुसला नव्हता, म्हणून तो वाहत भुवईत उतरला होता. चित्रात हे पहिल्यापासून दिसत होतं.

कार्यक्रम संपला, नमस्कार झाले, तरुण सिद्धेश उठून चित्राबाहेर गेला, दार वाजलं. फीत मात्र चालूच राहिली. रिकामी खुर्ची, प्लास्टिकची फुलं, सर्वेश कॉलरचा माइक काढतो आहे. आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, एका मुलीचा आवाज आला. आवाज मथुराचा होता. त्या वर्षी मथुरा टायपिंगच्या क्लासला जाते असं घरात सांगत होती. "तुमी वायट वाटान घेव नकात," ती म्हणाली. "तो असोच आसा. घरात पण असोच." सर्वेशने वर पाहिलं, थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे तिच्याकडे, म्हणजे आता सिद्धेशकडे. "वायट कित्याक?" तो म्हणाला. "माका तो भियालेलो दिसलो. इतको भियालेलो माणूस मी दर्यातसुदिक बघूक नाय." त्यात खवचटपणा नव्हता. भरतीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग थोडी खरखर, आणखी दोनचार वाक्यं कसलीतरी, कॅमेरा, स्टँड, जी सिद्धेशला ऐकूच गेली नाहीत, आणि चित्र तुटलं. व्हीसीआरमधून कचकच आवाज आला. त्याने धावत बटण दाबलं, पण फीत आत गुंडाळली गेली होती. ओढून काढली तेव्हा ती दोन ठिकाणी तुटून हातात आली. आता त्या कार्यक्रमाची जगात एकच प्रत होती, त्याच्या मशीनमध्ये.

सोमवारचा दिवस त्याने ते वाक्य खोडून काढण्यात घालवला. मनातल्या मनात, सर्वेशशी वाद घालत. भियालेलो कशाला असेन? कुणाला? तुला? चार वायरी ओढणाऱ्याला? सर्वेश उत्तर देत नव्हता, आणि सिद्धेशकडचे मुद्दे संपत चालले होते. पेनच्या टोपणाचा आवाज मध्येच ऐकू यायचा. संध्याकाळ व्हायच्या आत त्याने एक ओळ टाइप केली, फाइल नमस्काराच्या पुढे छाटणारी. अशा कामात तो पटाईत होता; सांधा दिसला नाही. मूळ फाइल पुसायची आज्ञाही त्याने लिहिली, एंटरवर बोट ठेवलं, आणि मग ती ओळ तशीच खोडून टाकली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. बॅकअप न घेता काही पुसू नये, ही जुनी सवय असेल.

मंगळवारी सकाळी मथुरा आली. उद्याच्या जेवणाची भाजी खाली रिक्षात तशीच ठेवून आली होती. सिद्धेशने तिला खुर्ची दिली आणि छाटलेली फाइल लावली. सर्वेशचा पहिला 'नमस्कार' आला तसा तिने पदर हातात घट्ट धरला, पण रडली नाही. दादाच्या उंच आवाजाकडे, त्या हसण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिथे ती रेडिओवर जाहिरात लागावी तशी थांबून राहायची, आणि सर्वेश बोलायला लागला की पुन्हा पुढे झुकायची. शेवटचा नमस्कार झाला. चित्र थांबलं. ती तशीच झुकून बसली.

"फुडचा खंय?" तिने विचारलं.

"तेवढंच आहे."

"फुडे आसा, दादा."

"फीत तेवढीच होती, मथुरा. बुरशी लागलेली. शेवटी तुटली पण, ही बघ." त्याने तुटकी फीत दाखवली. खरीखुरी तुटलेली होती. खोटं बोलताना हातात खरा पुरावा असण्याचं सुख त्याला मिळालं, आणि त्याच क्षणी त्याची किळसही आली.

मथुराने फितीकडे पाहिलं नाही. "कॅमेरो मीच धरललो," ती म्हणाली. "बंद करूक इसारलंय, म्हणान ता आतमध्ये ऱ्हवला. ह्यांनी ती कॅसेट म्हणानच सांभाळल्यानी. नायतर त्या दिवसाच्या कार्यक्रमात होता काय सांभाळण्यासारख्या?" हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती नुसतं सांगत होती. तिचे डोळे आता भरायला लागले होते, आणि ते त्याच्यासाठी नव्हते, त्याच्याविरुद्धही नव्हते. तिला काय ऐकायचं आहे हे त्याने इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

सिद्धेश कीबोर्डकडे वळला. "थांब," तो म्हणाला. "दुसरी एक फाइल आसा." कित्येक वर्षांनी तोंडातून तो 'आसा' निसटला आणि मागे घ्यायला वेळ नव्हता. त्याने मूळ फाइल लावली, शेवटाकडे नेली. दार वाजलं. रिकामी खुर्ची. तरुण मथुरा म्हणाली, तो असोच आसा. सर्वेशने वर पाहिलं आणि ते वाक्य उच्चारलं, संपूर्ण, दर्यासकट. सिद्धेशने बहिणीकडे पाहिलं. तिने ते ऐकलंच नव्हतं. ती त्याच्या पुढच्याची वाट पाहत होती, ओठ हलवत, तोंडपाठ असल्यासारखी. खरखरीतून सर्वेश म्हणाला, "उद्या येतलंस मा?" आणि ती मुलगी म्हणाली, "कॅमेरो धरूक?" थोडा वेळ नुसती खरखर. मग सर्वेश, माइकची वायर बोटाला गुंडाळत, खाली बघत, "कॅमेरो काय, स्टँडार पण रवता."

मथुराने तोंडावर हात ठेवला. हसली की रडली ते सिद्धेशला कळलं नाही. बरीच वर्षं तो माणसांच्या तोंडाकडे पाहून त्यांना आपलं कळतंय की नाही एवढंच ताडत आला होता. खाली रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

"परत लाव," ती म्हणाली.

त्याने 'उद्या येतलंस' पासून लावायला दांडा सरकवला. "थंयसून नको," ती म्हणाली. "पयल्यापास्ना लाव. 'वायट कित्याक'पास्ना. ह्यांचो आवाज थंयच बरो येता." सिद्धेशने मागे नेलं. सर्वेशने वर पाहिलं, आणि दोघा भावंडांच्या मधून सांगितलं की असा भ्यालेला माणूस त्याने दर्यातसुद्धा पाहिला नाही. मथुरा डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सिद्धेशला त्या आवाजातला एक बारकावा ऐकू आला: 'भियालेलो' म्हणताना सर्वेशचा सूर किंचित खाली उतरत होता, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा.

"वायच आवाज वाढव मा," डोळे न उघडता मथुरा म्हणाली.

सिद्धेशने आवाज वाढवला आणि पुन्हा लावलं.